विद्युत प्रवाहाने काही सेकंदांत सिरॅमिक; मोठ्या विटांसाठी मात्र भट्टीच

भिलाई (छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर 2 मध्ये ‘सिंटर’ हा शब्द नवा नाही. कारखान्याच्या सिंटर प्लांटमध्ये लोहखनिजाचा चुरा कोकच्या भुकटीसह भाजून त्याची ढेकळे केली जातात आणि ती झोतभट्टीत जातात. सिरॅमिकच्या सिंटरिंगमध्ये भुकटी सहसा वितळू न देता उष्णतेने तिचे कण सांधले जातात. त्याला बहुधा कित्येक तास लागतात. हा अवधी विद्युत प्रवाहाच्या साह्याने मिनिटांवर, प्रसंगी सेकंदांवर आणता येतो.

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगमध्ये भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात दाबून त्यातून स्पंदित प्रवाह सोडतात. तापमान मिनिटाला शेकडो अंशांनी वाढत असल्याने कणांना आकाराने वाढण्यास वेळ मिळत नाही. सूक्ष्म कणरचना टिकून राहते आणि कठीण, दाट पदार्थ मिळतो. धातूवर सिरॅमिकचा थर बसवण्यासाठीही ही पद्धत वापरता येते. हैदराबादच्या ‘एआरसीआय’ या संशोधन केंद्रात ही सुविधा आहे.

फ्लॅश सिंटरिंगमध्ये विद्युत दाब थेट सिरॅमिकलाच दिला जातो. मार्को कोलोग्ना, बोरियाना राश्कोव्हा आणि ऋषी राज यांनी 2010 मध्ये 850 अंश सेल्सिअसच्या भट्टीत झिर्कोनिया पाच सेकंदांहून कमी वेळात घट्ट केल्याचे दाखवले. एरवी त्यासाठी सुमारे 1,400 अंश तापमान लागते. झिर्कोनिया तापला की त्याचा विद्युत रोध घटतो. त्यामुळे प्रवाह वाढतो, आणि वाढलेला प्रवाह त्याला आणखी तापवतो. हे चक्र आवरण्यासाठी प्रवाहावर मर्यादा घालावी लागते. नमुन्याचे आतील तापमान भट्टीपेक्षा बरेच अधिक असते. केवळ या उष्णतेमुळे कण सांधले जातात की विद्युत क्षेत्राचाही त्यात वाटा असतो, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

पोलादाच्या अखंड ओतकामातील नोझलसाठी झिर्कोनिया वापरतात. भिलाईत ‘सेल’चा उच्चतापसह विटांचा कारखानाही आहे. त्यामुळे इंधन आणि वेळ वाचवणाऱ्या या तंत्राचे येथे महत्त्व आहे. अडचण आकाराची आहे. नमुना मोठा किंवा गुंतागुंतीचा असला की प्रवाह कमी रोधाच्या वाटेने एकवटतो. एक भाग अतितप्त होतो, दुसरा कच्चा राहतो आणि तडे जातात. प्रवाह सर्वत्र सारखा वाहू लागेपर्यंत झोतभट्टीच्या विटा पारंपरिक भट्टीतच भाजाव्या लागतील.