दीड मिलिग्रॅमचा हिशेब

विहिरीचं पाणी खारं की गोडं, ते जिभेला कळतं. फ्लोराइड कळत नाही. ते दिसतं पोराचे पक्के दात आल्यावर, त्यावरच्या तपकिरी डागांत. केळापूर तालुक्याला हे दुखणं नवं नाही. २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पांढरकवडा परिसराच्या भूजलातल्या फ्लोराइडवर संशोधकांचा लेखही आला होता.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५. समजा, बोअरच्या पाण्यात १.६ आहे आणि तपासणीत तिन्ही वेळा १.४ आलं. मोजणी काटेकोर खरी, पण अचूक नव्हे. शेकडा त्रुटी साडेबारा, आणि पाणी कागदावर पिण्यायोग्य! चूक दर वेळी तेवढीच, त्याच बाजूला होत असेल, तर शंभरदा मोजूनही ती सापडत नाही.

अशी चूक येते कुठून? १९५८ साली बेलॅक आणि शूबो यांनी ‘स्पॅडन्स’ पद्धत प्रसिद्ध केली. झिर्कोनियमशी बांधलेला लाल रंग फ्लोराइडमुळे फिका पडतो. जितका फिका, तितकं फ्लोराइड जास्त. त्याच वर्षी नागपुरात आजची ‘नीरी’ वेगळ्या नावानं सुरू झाली. १९७० च्या दशकात तिनं फ्लोराइड काढायचं नालगोंडा तंत्र दिलं. त्यात पाण्यात चुना आणि तुरटी घालून गाळ खाली बसवायचा.

गोम इथेच आहे. तुरटीतलं थोडं ॲल्युमिनियम पाण्यात उरलं, तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि रंग पुरेसा उतरत नाही. लगेच वाचन घेतलं तर लिटरमागे अवघं ०.१ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम १ मिलिग्रॅम फ्लोराइडला ०.९ दाखवतं. म्हणजे ज्या पाण्यावर उपाय केला, तेच आहे त्याहून चांगलं भासतं. दोन तास थांबलं तर ही अडचण बरीच कमी होते. पण नमुन्यांची रांग लागलेली असताना थांबतो कोण?

१९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी लँथेनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड आणला. त्यासोबत वापरायचं द्रावण ॲल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतं. तो नसला, तरी एक साधी परीक्षा आहे. त्याच विहिरीच्या पाण्यात मोजून १ मिलिग्रॅम फ्लोराइड घालायचं आणि पुन्हा वाचन घ्यायचं. आकडा पुरता एकानं वाढला नाही, तर त्या पाण्यातच काहीतरी आडवं येतंय.