कुटुंबवत्सल शिकारी : जिम कॉर्बेट यांचे स्मरण

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे यावीत हा शिरस्ता आहे, आणि तो योग्यच आहे. आम्हीही मागे अशी दोन-तीन चरित्रे लिहिली. यंदा मात्र ज्ञातिबंधुभगिनींची क्षमा मागून आम्ही अशा एका गृहस्थाचे स्मरण करणार आहोत, की जो ज्ञातीबाहेरचा तर होताच, पण धर्माने आणि वंशानेही निराळा होता. कुमाऊंच्या डोंगरांत ज्यांना लोक ‘कारपेटसाहेब’ म्हणत, ते जिम कॉर्बेट हे होत. अशा परक्या माणसाचे आपल्या स्मरणिकेत काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी देण्याचे आम्ही योजिले आहे.

चाळीसएक वर्षांपूर्वी आम्ही नव्यानेच शिक्षकाच्या पेशात पडलो, तेव्हा एखादे गुरुजी रजेवर असले म्हणजे त्यांचा रिकामा तास आमच्या वाट्यास येई. अशा तासाला मुलांना गप्प बसविण्याचा आमचा एकच हुकमी उपाय असे, तो म्हणजे कॉर्बेटसाहेबांच्या नरभक्षक वाघांच्या गोष्टी. सारा वर्ग श्वास रोखून ऐके. पण आज प्रांजळपणे कबूल केले पाहिजे, की त्या वेळी आम्हांस त्यांच्यातला केवळ बंदूकधारी शिकारी दिसला होता. त्यांचे ‘माय इंडिया’ हे १९५२ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आमच्या हाती पुष्कळ उशिरा आले. ते वाचून खाली ठेवले तेव्हा बंदूक बाजूला राहिली आणि एक कुटुंबवत्सल माणूस पुढे उभा राहिला.

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथील पोस्टमास्तर. आईची पूर्वायुष्यातील कहाणी करुण होती. तिचा पहिला पती १८५७-५८ च्या धामधुमीत मारला गेला होता आणि पदरी मुले घेऊन तिने हा दुसरा संसार मांडला होता. घर मोठ्या खटल्याचे. जिमला सहावे वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १८८१ साली वडील वारले. थोरला भाऊ टॉम याने घरची जबाबदारी उचलली. धाकट्या जिमला रानात नेऊन बंदूक धरावयास शिकविले तेही त्यानेच. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा या कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीचे रान हीच जिमची खरी पाठशाळा ठरली. पक्ष्यांचे आवाज, वानरांचे इशारे, धुळीत उमटलेली पावले ही त्या शाळेतील बाराखडी होती, आणि ती त्यांनी अशी घोटली की पुढे त्याच अक्षरांवर त्यांचा जीव अनेकदा वाचला.

शिकून मोठे व्हावे अशी इच्छा असली तरी घरची ओढाताण मुलाला दिसत होती. विशी गाठण्यापूर्वीच शाळा सोडून त्यांनी रेल्वेची नोकरी धरली, आणि मग गंगेकाठी मोकामेह घाट येथे मालाची चढउतार करण्याचे कंत्राट पत्करले. तेथे ब्रॉडगेज लोहमार्गावरील डब्यांतला माल उतरवून मीटरगेजच्या डब्यांत भरावा लागे. या रखरखीत घाटावर त्यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे घालविली. कमाई घरी जाई. आई आणि बहिणी यांचा सांभाळ हे त्यांनी आपले व्रत मानले. स्वतः ते जन्मभर अविवाहित राहिले. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द आपण सहसा बायकामुलांच्या माणसाला लावतो, पण ज्याला बायकामुले नव्हती अशा या माणसाइतका तो आम्हांस दुसऱ्या फारच थोड्यांच्या ठिकाणी शोभून दिसला आहे.

मोकामेह घाटावरील आरंभीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. काम सुरू होऊन तीन महिने लोटले तरी वरून मजुरीचे पैसे येईनात. मजुरांच्या घरी चुली विझण्याची वेळ आली. साहेब स्वतःही एकवेळच जेवू लागले. शेवटी त्यांनी वरिष्ठांस तार ठोकली, की रोख रक्कम घेऊन माणूस गाडीत बसल्याची खात्री मिळाली नाही, तर आज दुपारी काम बंद होईल. पैसे आले. ज्या मुकादमाच्या भरवशावर माणसे उपाशीपोटी टिकून राहिली होती, त्याचे नाव चमारी. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला हा माणूस, परंतु कॉर्बेटसाहेबांनी त्याच्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. तो पटकीने गेला तेव्हा सर्व जातिधर्मांची माणसे त्याच्या अंत्ययात्रेला लोटली होती. घाटावर पटकीनेच आजारी होऊन पडलेल्या एका अनोळखी व्यापाऱ्यालाही साहेबांनी आपल्या घरी आणून त्याची शुश्रूषा केली होती, आणि तो बरा झाल्यावर धंदा पुन्हा उभारण्यासाठी त्याला पाचशे रुपये उसने दिले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. वर्षभराने तो गृहस्थ पैसे घेऊन परत आला.

आम्ही शिक्षक, म्हणून आमचे मन सर्वांत अधिक रमले ते त्याच घाटावरील शाळेच्या गोष्टीत. स्टेशनमास्तर रामसरन आणि कॉर्बेटसाहेब यांनी मिळून कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. जेमतेम वीस मुले. पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. वरच्या जातींची मुले आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले एका झोपडीत कशी बसणार? रामसरन यांनी युक्ती काढली. एका घरात बसण्याला हरकत असली तरी एका मांडवात बसण्याला कोणाची हरकत नव्हती. तेव्हा त्यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या! छप्पर तेच, मुले तीच, पण आता ते घर नव्हते, मांडव होता. पुढे या शाळेत दोनशे मुले शिकू लागली, सरकारने ती आपल्याकडे घेतली आणि रामसरन यांना रायसाहेब ही पदवी दिली. शिक्षणशास्त्रावर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, पण भिंत काढून शाळा वाढविण्याचा असा धडा कोठे ऐकला नव्हता.

आता त्यांच्या शिकारीकडे वळू. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे मारलेली होती. तिचा बंदोबस्त करण्यास त्यांस सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. जाहीर झालेले बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. बक्षिसासाठी मारणारा म्हणून आपले नाव व्हावे, हे त्यांस नको होते. पाली गावी ते पोहोचले तेव्हा लोक पाच दिवस दारे लावून घरांत कोंडून बसले होते. पहिली रात्र त्यांनी बाहेर एका झाडाच्या बुंध्याशी काढली आणि आपण भीतीने कसे गारठून गेलो होतो हे त्यांनी पुढे न लपविता लिहिले. दुसऱ्या दिवशी ते बंदूक घेऊन पहाऱ्यास उभे राहिले, तेव्हा कोठे गावकऱ्यांना उभा गहू कापता आला. वाघीण पुढे मारली गेलीच, परंतु आमच्या डोळ्यांपुढे तो गहू कापणाऱ्या बायामाणसांचा देखावाच अधिक राहतो. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर आठ वर्षे धुमाकूळ घालून १२५ माणसे खाणारा रुद्रप्रयागचा बिबळ्या त्यांनी १९२६ साली मारला. अशा मोहिमांवर ते निघत तेव्हा घरी आई आणि बहीण मॅगी वाट पाहत बसत. रात्रीमागून रात्री मचाणावर बसणाऱ्याचे धैर्य सर्वांस दिसते, पण दिव्याशी बसून राहणाऱ्यांचे धैर्य कोणी लिहून ठेवीत नाही.

वाघ उगाच मारण्याची गोडी त्यांना पुढे उरली नाही. जखमी झालेला वा म्हातारा झालेला वाघ नाइलाजाने माणसांवर येतो, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. बंदुकीऐवजी चित्रपटाचा कॅमेरा घेऊन ते तासन्‌तास वाघांची वाट पाहू लागले. १९३६ साली कुमाऊंच्या पायथ्याशी देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचीही खटपट होती. आज ते उद्यान त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला.

कालाढुंगीजवळची छोटी हल्द्वानी ही ओसाड पडलेली जमीन त्यांनी १९१५ च्या सुमारास विकत घेतली आणि तेथे गाव वसविले. कुळांना जमीन दिली, पाणी आणले, केळी आणि इतर फळझाडे लावली. मॅगीबाई सकाळी व्हरांड्यात बसून आजाऱ्यांना औषध देत. रानडुकरे आणि हरणे पिके फस्त करीत, म्हणून साहेबांनी साऱ्या गावाभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत बांधण्याचे काम हाती घेतले. ते कित्येक वर्षे चालले होते. मोकामेह घाटावर ज्या शाळेच्या भिंती निघाल्या, त्या शाळेच्या पाठीराख्याने येथे भिंत उभारली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गावातील माणसे त्यांच्या लेखी कुळे नव्हती, घरची माणसे होती. आजोबाने काढलेल्या क्षुल्लक कर्जापायी तिसऱ्या पिढीत सावकाराकडे राबणाऱ्या बुधू नावाच्या मजुराची त्यांनी वकील देऊन सुटका करविली. १९१७ साली पाचशे कुमाऊंनी माणसांची तुकडी घेऊन ते फ्रान्सच्या रणभूमीवर गेले आणि एक सोडून सर्व माणसे त्यांनी घरी परत आणली. दुसऱ्या महायुद्धात साठी उलटून गेलेली असतानाही छिंदवाड्याला राहून त्यांनी सैनिकांस रानात निभाव कसा लावावा याचे धडे दिले. १९४४ साली निघालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या पुस्तकाचे आरंभीचे उत्पन्न त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या निधीस दिले.

अशा माणसाने हा देश सोडावा, हे वाचताना आम्हांस आजही चुटपुट लागते. आई १९२४ साली गेली होती. राहिली ती मॅगी. देश स्वतंत्र झाला तेव्हा साहेबांचे वय ७२ होते. बदललेल्या काळात, आणि त्यातही आपल्या पश्चात, बहिणीचे येथे कसे होईल ही चिंता त्यांस खात होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आमच्या मते ती चिंता अनाठायी होती. कालाढुंगीच्या लोकांनी मॅगीबाईंना खचित अंतर दिले नसते. पण कुटुंबवत्सल माणसाची भीती तर्काने जात नाही, हे आपण सर्वच जाणतो. १९४७ च्या नोव्हेंबरात नैनितालचे घर विकून भावंडे निघाली आणि मुंबईहून बोटीने आफ्रिकेस गेली. केनियातील न्येरी येथे एका लहानशा घरात त्यांचे शेवटचे दिवस गेले. तेथे बसून त्यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांत आफ्रिका अगदी शेवटच्या पुस्तकापुरतीच आहे. बाकी सर्वत्र कुमाऊंचे रान आणि मोकामेहचा घाटच आहे. शरीराने गेलेला माणूस मनाने तेथेच राहिला होता. छोटी हल्द्वानीची जमीन त्यांनी कुळांच्या स्वाधीन केली होती आणि तिचा सारा ते परदेशातून भरीत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे देहावसान झाले. मॅगीबाई १९६३ साली गेल्या.

ते सत्ताधारी वंशातले होते आणि त्या सत्तेशी त्यांचे भांडण नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. आम्ही त्यांस देवपण देऊ इच्छीत नाही. पण ‘माय इंडिया’ हे पुस्तक त्यांनी या देशातील गरिबांना अर्पण केले आहे. राजे-महाराजांशी आणि लाटसाहेबांशी त्यांचा परिचय होता, तरी ‘माझा भारत’ म्हणताना त्यांस आठवले ते चमारी, बुधू आणि रामसरन.

आता आरंभी राखून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर. आपली ज्ञातिसंस्था हीही एक भिंतच आहे. ती आपल्या वाडवडिलांनी बांधली तेव्हा आपली लेकरे शिकावीत, विधवांना आधार मिळावा, अडल्यानडल्याला चार माणसे धावून यावीत, एवढाच हेतू होता. रानडुकरांपासून पीक राखणारी ती भिंत होय, आणि तिचे ऋण आम्ही जन्मभर मानू. परंतु तीच भिंत दोन मुलांच्या मध्ये उभी राहू लागली, तर रामसरन यांनी केले तेच आपणही केले पाहिजे. कोणती भिंत बांधावी आणि कोणती काढावी हे ज्याला कळले, तो खरा कर्ता पुरुष, मग त्याची जात, धर्म, वंश कोणताही असो.

आमच्या रिकाम्या तासाला वाघाच्या गोष्टी ऐकणारी मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती ही स्मरणिका पडलीच, तर त्यांनी आपल्या मुलांना चंपावतच्या वाघिणीची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र ती संपली म्हणजे भिंती नसलेल्या त्या शाळेचीही गोष्ट सांगावी. आमच्याकडून तेव्हा ती सांगावयाची राहून गेली होती.