कुकडीचे स्नान आणि सागरातील नळी

जुन्नरचा मुलूख सह्याद्रीच्या भिंतीने समुद्रापासून तोडलेला दिसत असला, तरी त्याच्या भाग्याचा धागा प्राचीन काळापासून समुद्राशीच गुंतलेला आहे. सातवाहनकाळी कल्याण आणि सोपारा येथे उतरलेला माल नाणेघाट चढून या बाजारपेठेत येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण त्या काळच्या जकातीचा म्हणून वाटसरूंना आजही दाखविला जातो. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिल्याचा शिलालेख आहे. ज्याच्या कुळाचे नाते समुद्रापलीकडच्या देशांशी, त्याला या कोरड्या डोंगरात दान म्हणून पाणीच द्यावेसे वाटले, ही गोष्ट मला त्या व्यापाराच्या सगळ्या हिशेबांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

याच मुलुखात, नाणेघाटाच्या अंगाला कुकडेश्वराजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या कुकडीच्या काठी, अष्टविनायकांपैकी श्रीविघ्नेश्वराचे ओझर वसले आहे. देवालयाच्या सुवर्णशिखराची कथाही समुद्राकडेच नेते. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली वसई, जिला एका अंगाने सागराचा व दुसऱ्या अंगाने खाडीचा वेढा होता, ती चिमाजी अप्पांनी प्राणांतिक झुंजीनंतर मे १७३९ मध्ये सर केली, आणि त्या विजयाची कृतज्ञता म्हणून ओझरच्या देवळाचा जीर्णोद्धार करून त्यावर सोन्याचे शिखर चढविले, अशी परंपरा आहे. काही ठिकाणी या कामाचे साल १७८५ असे छापले जाते; परंतु चिमाजी अप्पांचे निधन डिसेंबर १७४० मध्येच झाले असल्याने ते साल आणि ते नाव यांची सांगड बसत नाही, आणि दोहोंपैकी एकाला निरोप द्यावाच लागतो. वसईच्या मोहिमेतून आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक याच डोंगररांगेत भीमाशंकरच्या देवळापुढे टांगलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे घाटावरच्या देवस्थानांनी कोकणच्या त्या विजयात घेतलेला वाटा ध्यानात येतो.

देवदर्शनापूर्वी नदीत स्नान करावे, हा यात्रेचा जुना क्रम. तो केवळ शुद्धीचा विधी होता असे मानणे म्हणजे आपल्या पूर्वजांच्या व्यवहारबुद्धीवर अन्याय करणे होय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नानाविषयीचे जे निषेध एकत्र गुंफले आहेत, ते पाहावेत: जेवल्यानंतर स्नान करू नये, आजारी माणसाने करू नये, मध्यरात्री करू नये, आणि ज्याचा ठाव आपल्याला माहीत नाही अशा जलाशयात तर उतरूच नये. यातला शेवटचा निषेध धर्माचा कमी आणि बुडालेल्यांच्या अनुभवाचा अधिक आहे. समुद्रस्नानाला तर परंपरेने पर्वकाळाचेच बंधन घातले होते. म्हणजे ज्या दिवशी किनाऱ्यावर शेकडो माणसे असतील त्याच दिवशी वृद्धांनी खाऱ्या पाण्यात पाऊल टाकावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. या नियमाचा हेतू तोच होता असा माझा आग्रह नाही, पण परिणाम निश्चितच तोच होता.

पुढे कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशा पाच धरणांनी या खोऱ्याचे रूप पालटले, उसाचे आणि द्राक्षांचे मळे उभे राहिले, आणि येडगावच्या धरणाने ओझरच्या पायथ्याशी वाहती नदी जाऊन विस्तीर्ण जलाशय आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याचा ठाव गावाला ठाऊक होता, ते पाणी कोठे किती खोल हे आता धरणातील साठ्यावर अवलंबून राहू लागले. यात्रेकरूही बदलला. पूर्वी जो कमरेएवढ्या पाण्यात हात जोडून उभा राहत असे, तो नावेत बसून जलाशयाची शोभा पाहू लागला. आणि निवृत्तीनंतर थोडी उसंत लाभली की डिसेंबर-जानेवारीत, गावाकडे हुडहुडी भरत असता, तो मालवण किंवा अंदमान गाठून तोंडात नळी धरून पाण्यावर पालथा तरंगू लागला. स्नॉर्कलिंग हे त्या क्रीडेचे नाव आता जुन्नरच्या एस.टी. स्थानकावरही कोणाला परके वाटत नाही.

या नळीची कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा उल्लेख विघ्नेश्वराच्या भक्तांना विशेष रुचावा असा आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथात हत्तीच्या सोंडेचे प्रयोजन सांगताना तिची तुलना पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाशी केली आहे: बुडी मारणारे जसे पाण्यावरची हवा एका उपकरणातून ओढून घेतात, तसा हत्ती खोल पाण्यातून जाताना सोंड वर धरून श्वास घेतो. ओझरची मूर्ती डाव्या सोंडेची, नेत्रांत माणके जडविलेली. त्या गजमुखाकडे पाहताना सोंडेच्या या जलविद्येची आठवण होऊ नये असे मला तरी जमत नाही. अंदमानात तर हे प्रत्यक्ष घडत असे. लाकूडतोडीसाठी तेथे नेलेले हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जात. त्या कामाला २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मोठा लगाम बसला, आणि त्या पोहणाऱ्या हत्तींतला सर्वांत ख्यातनाम, हॅवलॉकचा राजन, वार्धक्यात २०१६ मध्ये मरण पावला. उतारवयात तो समुद्रात उतरे तेव्हाही माहूत त्याच्या सोबत असे.

मालवणचा सागर अधिक जवळचा आणि इतिहासाने अधिक ओळखीचा. १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्या सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्याच्याच परिसरात, १९८७ पासून सागरी अभयारण्य ठरलेल्या टापूत, आज पर्यटक प्रवाळ आणि रंगीत मासे पाहतात. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो. थंडीत पाणी निवळते आणि खडकांमधले जग स्पष्ट दिसू लागते. शिवकाळी ज्या खडकांनी परकी गलबते दूर ठेवली, त्यांच्याच आडोशाला आजोबा-आजींना सागरतळाचे दर्शन घडावे, हा काळाचा महिमा.

परंतु मनूच्या निषेधांची आठवण नेमकी येथेच ठेवावी. गळ्याइतक्या पाण्यात शरीर शिरले की हातापायांतील रक्त छातीकडे रेटले जाते आणि हृदयाचे काम वाढते. त्यातच अरुंद नळीतून प्रत्येक श्वास जोराने ओढावा लागला, तर फुप्फुसांत पाणी साचू लागते, शक्ती अकस्मात हरपते, आणि हाक न मारता, हात न हलवता माणूस निपचित होतो. हवाई बेटांत पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत ही क्रीडा सर्वाधिक आढळते, आणि अशा मृतांत पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ असतात. तेथील अभ्यासकांनी या निःशब्द प्रकाराकडे लक्ष वेधले आहे. लांबच्या विमानप्रवासानंतर दोन-तीन दिवस थांबूनच पाण्यात उतरावे, असा सल्लाही तेथे दिला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व कुशल वाटते, कारण पालथा तरंगणे हीच त्या खेळाची सहज मुद्रा आहे. म्हणूनच शेजारी हाताच्या अंतरावर सोबती असणे हे पोहता येण्याहूनही महत्त्वाचे ठरते.

तेव्हा साठी उलटलेल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच, की जाऊ नका असे मी म्हणणार नाही. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या. नळी साधी, रुंद आणि चटकन तोंडातून काढता येईल अशी निवडा, सबंध चेहरा झाकणारा मुखवटा टाळा. पहिला सराव पाय टेकतील अशा पाण्यात करा, तरंगण्याचे जाकीट अंगावर असू द्या, आणि धाप लागताच नळी काढून उताणे व्हा व सोबत्याला बोलवा. नाववाल्याने पुढे केलेल्या कागदावर आजाराचा रकाना असतो, तो संकोचाने कोरा सोडू नका.