भिंतीआडची लीग

बुंडेसलिगात एखादा संघ सतत हरू लागला की आजही तास्मानिया बर्लिनची आठवण काढली जाते. १९६५-६६ च्या मोसमात ३४ सामन्यांत २ विजय. १५ गोल केले, १०८ झाले. पण हा संघ तिथे पोचला कसा?

१९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली, तेव्हा तिच्याखाली पाच प्रादेशिक लीग होत्या. चार मोठ्या प्रदेशांच्या. पाचवी फक्त पश्चिम बर्लिनची. भिंतीने वेढलेलं अर्धं शहर आणि तेच ते क्लब, वर्षभर एकमेकांशीच खेळणारे.

१९६५ मध्ये खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्यामुळे हेर्था बर्लिनला बुंडेसलिगातून काढलं. पण शीतयुद्धाच्या काळात बर्लिनशिवाय बुंडेसलिगा कशी चालेल? प्रादेशिक लीगचा विजेता टेनिस बोरुसिया बढतीच्या फेरीत अडखळला होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या श्पांडाउने नकार दिला. मग ऐन वेळी तिसऱ्या तास्मानियाला बोलावणं आलं.

पहिल्या सामन्याला ८१ हजारांवर प्रेक्षक होते, जानेवारीत ग्लाडबाखविरुद्ध ८२७. १९७३ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं. पुढच्याच वर्षी ती लीगही संपली. नकोसे विक्रम मात्र तास्मानियाच्याच नावावर राहिले. रिकामी जागा भरायला त्याला पुढे करणाऱ्यांची नावं गुणतक्त्यात नसतात.