ड्रायसूटची देखभाल व दुरुस्ती

ड्रायसूट हा पाणबुड्याचे शरीर पाण्यात असतानाही कोरडे ठेवणारा जलरोधक पोशाख आहे. स्कूबा डायव्हिंग, पाण्याखालील बांधकाम, शोध व बचावकार्य यांत त्याचा वापर होतो. वेटसूट या पोशाखात पाण्याचा पातळ थर आत शिरतो आणि शरीराच्या उष्णतेने कोमट होतो. ड्रायसूटमध्ये मात्र पाण्याला प्रवेशच नसतो. त्यामुळे थंड पाण्यात तो उबेसाठी, तर दूषित पाण्यात त्वचेच्या संरक्षणासाठी वापरतात. हे संरक्षण पोशाखाच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकेच भक्कम असते. म्हणून देखभाल व दुरुस्ती हा ड्रायसूटच्या वापराचाच अविभाज्य भाग मानला जातो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरासारख्या उष्ण व दमट हवामानात ड्रायसूट पाण्यात जितका झिजतो, त्याहून अधिक तो कपाटात खराब होण्याची शक्यता असते. उष्णता, दमटपणा आणि बुरशी हे येथील रबरी साहित्याचे नित्याचे शत्रू आहेत.

पार्श्वभूमी

चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर बसवून तयार केलेल्या जलरोधक कापडाचे एकस्व घेतले. 1830 च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीब यांनी धातूचे शिरस्त्राण आणि जलरोधक पोशाख एकमेकांना जोडून पाणबुड्यासाठी बंदिस्त पेहराव घडवला. आजच्या ‘ट्रायलॅमिनेट’ ड्रायसूटचे कापडही मॅकिंटॉश यांच्याच तत्त्वावर आधारलेले असते. त्यात दोन बाजूंना नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कापड आणि मध्ये ब्युटाइल रबराचा थर असतो. याखेरीज फेसाळ निओप्रीन, दाबून घट्ट केलेले निओप्रीन आणि व्हल्कनाइझ केलेले रबर यांचेही ड्रायसूट बनतात. व्हल्कनाइझ केलेल्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असून त्यात घाण मुरत नाही. त्यामुळे दूषित पाण्यातील कामासाठी तो सोयीचा ठरतो.

रचना व दुबळे भाग

ड्रायसूटमध्ये पाणी शिरण्याच्या शक्य वाटा मोजक्याच असतात.

सील: मनगट व गळा यांभोवती घट्ट बसणारे हे पट्टे लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनचे असतात. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो लवचीक व स्वस्त असतो, परंतु ऊन, उष्णता, ओझोन वायू, तेलकट पदार्थ आणि तांब्याचे क्षार यांमुळे लवकर खराब होतो. सिलिकॉनवर ओझोनाचा परिणाम होत नाही, मात्र त्याला नेहमीचा गोंद धरत नाही. म्हणून सिलिकॉनचे सील सहसा कड्यांच्या साहाय्याने बसवतात.

चेन: ड्रायसूटची चेन साध्या कपड्याच्या चेनीसारखी नसते. तिचे दाते जलरोधक पट्टीच्या कडा एकमेकींवर घट्ट दाबून धरतात. चेन धातूची किंवा प्लास्टिकची असते.

झडपा: छातीवरील झडपेतून पोशाखात हवा भरली जाते आणि बहुधा डाव्या दंडावरील झडपेतून ती बाहेर सोडली जाते. पाण्यात 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो व पोशाखातील हवेचे आकारमान निम्मे होते. ही तूट भरून काढली नाही तर पोशाख अंगाला आवळतो. वर येताना तीच हवा प्रसरण पावते, म्हणून ती वेळीच बाहेर जाणे आवश्यक असते.

शिवणी व तळवे: गुडघे, काख, जांघ आणि बुटाचा सांधा येथे ताण व घर्षण अधिक असल्याने गळती प्रथम तेथे दिसते.

ठाणे-कल्याण परिसरातील संदर्भ

कोकण किनाऱ्यावरील समुद्राचे पाणी वर्षभर कोमट असते. त्यामुळे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्लीसारख्या ठिकाणी हौशी पाणबुड्यांना वेटसूट पुरतो. ठाणे जिल्ह्यात ड्रायसूटचा विचार थंडीसाठी नव्हे, तर पाण्याच्या गुणवत्तेमुळे करावा लागतो. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहत येणारी वालधुनी नदी औद्योगिक व घरगुती सांडपाण्याने प्रदूषित आहे. ती कल्याणजवळ उल्हास नदीच्या पात्राला मिळते. उल्हास नदीत कल्याण परिसरात जलपर्णीची वाढ वारंवार आढळते. ठाणे खाडीचा तळ काळ्या गाळाचा असून पाणी गढूळ असते. अशा पाण्यात पाणबुड्याला डोळ्यांनी नव्हे तर हाताने चाचपून काम करावे लागते. गाळातील काच, पत्रा, खिळे आणि कालवांचे धारदार शिंपले यांमुळे पोशाख फाटण्याचा धोका मोठा असतो.

या परिसरात पूर व बुडण्याच्या घटनांमध्ये बचावकार्य नेहमी करावे लागते. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत कल्याण व बदलापूर परिसराला पुराचा मोठा तडाखा बसला. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह नौदलाची पथकेही प्रवाशांच्या मदतीस आली. पुराच्या पाण्यात मैला, डिझेल, रसायने आणि मृत जनावरे मिसळलेली असतात. अशा पाण्यात मनगटाजवळची बारीकशी चीरही त्वचारोग, जखमेतील जंतुसंसर्ग किंवा लेप्टोस्पायरोसिस यांसारख्या आजाराला वाट करून देऊ शकते.

वापरानंतरची देखभाल

समुद्र किंवा खाडीतून बाहेर आल्यावर चेन बंद ठेवूनच ड्रायसूट गोड्या पाण्याने बाहेरून धुतात. चेनीचे दाते, झडपांची तोंडे आणि घड्या यांत मीठ व वाळू साचते. मीठ सुकल्यावर त्याचे स्फटिक झडपेची हालचाल अडवतात. म्हणून झडपेवर पाण्याची धार धरून ती हाताने फिरवतात व दाबतात. सील सौम्य साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुणे आवश्यक असते, कारण घाम व त्वचेवरील तेल लॅटेक्सला मऊ व चिकट करतात.

पोशाख आतून ओला झाला असेल तर तो उलटा करून आतूनही धुतात. प्रथम एक बाजू, नंतर दुसरी अशा क्रमाने तो सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. उन्हात टाकलेला ड्रायसूट लवकर वाळतो, पण त्याचे सील तितक्याच लवकर तडकतात. पावसाळ्यात हवेतील बाष्पामुळे वाळण्यास बराच वेळ लागतो. अशा वेळी बुटांच्या आत पंख्याची हवा सोडणे उपयुक्त असते. वरून कोरडा दिसणारा पोशाख बुटांच्या टोकाशी ओला राहिला तर बुरशी तेथूनच सुरू होते.

वाळलेल्या लॅटेक्सवर सुगंधविरहित शंखजिऱ्याची पूड लावतात. सुगंधी टाल्कम पावडरीतील तेलकट द्रव्ये लॅटेक्सला अपायकारक असल्याने ती टाळतात. धातूच्या चेनीवर बाहेरून मेण घासतात. प्लास्टिकच्या चेनीला मेण लावत नाहीत. तिच्या शेवटच्या टोकाला, जेथे सरकता भाग घट्ट बसतो, तेथे सिलिकॉनचे थोडे वंगण लावतात. सिलिकॉनचा फवारा चेनीवर किंवा कापडावर मारणे टाळतात, कारण त्याचा अंश राहिल्यास पुढे तेथे गोंद चिकटत नाही.

दूषित पाण्यातील वापरानंतर

दूषित पाण्यातून बाहेर आलेल्या पाणबुड्याचा ड्रायसूट लगेच उतरवत नाहीत. तो बंद असतानाच सहायक त्याच्यावर स्वच्छ पाण्याचा मारा करून चिखल काढतो. त्यानंतर जंतुनाशक द्रावण लावून ते सूचनेत दिलेल्या वेळेपुरते राहू देतात व पुन्हा भरपूर पाण्याने धुतात. धुणाऱ्या व्यक्तीनेही हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक असते. द्रावण अधिक तीव्र केले किंवा अधिक वेळ ठेवले तर सील खराब होतात. डिझेल व इतर तेले रबरात मुरतात, म्हणून ती आधी साबणाने काढावी लागतात. ज्या पोशाखावर रसायनाचा डाग, फुगवटा किंवा चिकटपणा दिसतो, तो पूर्ण तपासणी होईपर्यंत वापरातून बाजूला ठेवतात.

साठवण

ड्रायसूट थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात. रुंद खांद्याच्या मजबूत हँगरवर टांगणे किंवा बुटांकडून वर सैलसर गुंडाळणे या दोन पद्धती रूढ आहेत. चेनीला टोकदार घडी पडू देत नाहीत, कारण घडीच्या जागी जलरोधक पट्टीला तडा जातो. विजेची मोटर, पंप किंवा जनित्र यांच्या ठिणग्यांतून ओझोन वायू निर्माण होतो. बचाव साहित्य बहुधा अशाच यंत्रांच्या खोलीत ठेवले जाते, म्हणून ड्रायसूटची जागा वेगळी असावी लागते. पत्र्याच्या छपराखालील गोदाम एप्रिल-मे महिन्यांत तापते. तेथे एकदाही न वापरलेल्या पोशाखाचे सीलही ताण देताच फाटू शकतात.

गळती शोधणे

पोशाख आतून ओला आढळला म्हणजे गळतीच झाली असे नाही. दमट हवेत श्रम करताना घाम येतो आणि तो आतील पृष्ठभागावर पाण्याच्या रूपाने जमतो. ओल सर्वत्र सारखी असेल तर ती बहुधा घामाची असते. एका बाह्यात, एका गुडघ्यावर किंवा चेनीच्या खाली ठळक ओल असेल तर गळतीची शक्यता अधिक असते. केवळ डावी बाही भिजत असेल तर दंडावरील झडप प्रथम तपासतात.

गळतीची चाचणी सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्यासारखीच असते. मनगटाच्या सीलमध्ये योग्य जाडीच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि गळ्याच्या सीलमध्ये चेंडू बसवून पोशाख बंद करतात. हवा सोडणारी झडप आवळून आत बेताची हवा भरतात. मग शिवणी, चेन, झडपा व सील यांवर ब्रशने साबणाचे पाणी लावतात. जेथे बुडबुडे येतात तेथे खूण करतात. अति हवा भरल्यास शिवणींवर ताण येतो, म्हणून पोशाख फुगून आकाराला येईल इतकीच हवा पुरते.

दुरुस्ती

छिद्र व चिरा: ट्रायलॅमिनेट पोशाखातील छिद्राभोवतीचा भाग आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवतात. त्यावर युरेथेनच्या गोंदाचा पातळ थर देतात व मोठ्या छिद्रावर त्याच कापडाचे ठिगळ बसवतात. ठिगळाचे कोपरे गोल कापतात, कारण टोकदार कोपरे लवकर उचलले जातात. गोंद सपाट जागेवर साधारणतः एक दिवस सुकू देतात. निओप्रीनची चीर जोडताना दोन्ही कडांना गोंदाचे पातळ थर देऊन, प्रत्येक थर सुकल्यावर कडा एकमेकींवर दाबतात. नुसता टाका घातल्यास सुईची प्रत्येक छिद्रे गळतीची नवी वाट होतात. रबरी पोशाखाचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करून सोल्यूशनने ठिगळ लावतात.

पावसाळ्यात गोंदकाम करताना विशेष दक्षता लागते. गोंदातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो व दमट हवेतील बाष्प त्यावर जमते. हा न दिसणारा ओलावा जोड कमकुवत करतो. त्यामुळे असे काम कोरड्या, वातानुकूलित खोलीत करणे हितावह असते.

सील बदलणे: लॅटेक्स चिकट होणे, ताणल्यावर बारीक भेगा दिसणे किंवा कडेला खाच पडणे ही सील बदलण्याची लक्षणे आहेत. कडेवरील लहानशी खाचही ताण पडताच संपूर्ण सील फाडू शकते. म्हणून पोशाख घालताना घड्याळ व अंगठ्या काढतात आणि नखे कापलेली ठेवतात. सील बदलताना जुना सील मर्यादित उष्णता देऊन सोडवतात, बाही योग्य आकाराच्या साच्यावर चढवतात, जोडाची रेषा आखतात आणि गोंदाचे थर सुकल्यावर नवा सील सुरकुती न पडू देता बसवतात. एकही सुरकुती राहिली तर तिच्यातून पाणी शिरते. सील घट्ट वाटल्यास एका वेळी थोडीच कड कापतात. गळ्याचा अति घट्ट सील मानेतील रक्तवाहिन्यांवर दाब आणून भोवळ आणू शकतो.

चेन: दात्यांतील वाळू मऊ ब्रशने काढतात. अडकलेली चेन ओढून मोकळी करत नाहीत, तर आतील कपड्याचा अडकलेला धागा आधी सोडवतात. दाता तुटला किंवा पट्टीला तडा गेला तर ठिगळाचा उपयोग होत नाही. संपूर्ण चेन बदलावी लागते आणि ते काम प्रशिक्षित कारागिराकडेच देतात.

झडपा: झडपेत केस, धागा किंवा वाळूचा कण अडकला तरी गळती होते. कोमट गोड्या पाण्यात भिजवून ती स्वच्छ करतात. हवा भरणारी झडप उघड्या अवस्थेत अडकली तर पोशाख फुगून पाणबुडा वेगाने वर फेकला जातो. त्यातून फुप्फुसांना इजा किंवा रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा विकार संभवतो. म्हणून झडपेची अंतर्गत दुरुस्ती निर्मात्याच्या सूचनेनुसार ठरावीक काळाने करून घेतात.

नोंद व तपासणी

बचाव पथकांमध्ये एकच ड्रायसूट अनेक जण वापरतात. रात्रीच्या वेळी तो घालणाऱ्या पाणबुड्याला आधीच्या वापरात काय झाले हे माहीत नसते. त्यामुळे प्रत्येक पोशाखासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवणे उपयुक्त असते. तीत वापराची तारीख, पाण्याचे स्वरूप, धुलाई, गळतीची चाचणी आणि बदललेले भाग यांची नोंद करतात. ठाणे परिसरात मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, वार्षिक चाचणी करणे सोयीचे असते. दुरुस्त केलेला पोशाख आधी उथळ, स्वच्छ पाण्यात वापरून पाहिल्याशिवाय प्रत्यक्ष कामास देत नाहीत.

मर्यादा

ड्रायसूट त्वचेचे रक्षण करतो, श्वासाचे नाही. 1 नोव्हेंबर 2018 रोजी कल्याण पूर्वेतील एका विहिरीत विषारी वायूमुळे 5 जणांचा मृत्यू झाला. त्यांत मदतीसाठी उतरलेले अग्निशमन दलाचे 2 जवान होते. अशा जागी स्वतंत्र हवापुरवठा, वायूची आगाऊ चाचणी आणि वर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या हातातील दोर यांना पर्याय नसतो. दूषित पाण्यातही ड्रायसूटबरोबर संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा किंवा शिरस्त्राण व जलरोधक हातमोजे लागतात. याशिवाय उष्ण हवेत बंद पोशाखामुळे शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून काठावर वाट पाहणाऱ्या पाणबुड्याला सावलीत बसवतात, त्याला पिण्याचे पाणी देतात आणि पोशाखाची चेन शेवटच्या क्षणी बंद करतात.