घरातील बुरशी: आरोग्याला धोका किती, स्वतः काय साफ करावे आणि व्यावसायिकांना कधी बोलवावे?

पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यातील अनेक घरांत भिंतींना ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि कपाट उघडले की कुबट वास येतो. काही दिवसांत भिंतीवर काळे किंवा हिरवट ठिपके दिसू लागतात. हीच बुरशी. बरेच जण ती कपड्याने पुसतात किंवा वरून रंग मारतात, पण काही आठवड्यांत ती पुन्हा उगवते. घरात दम्याचा रुग्ण, लहान बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल, तर याकडे दुर्लक्ष करू नका.

बुरशी का येते?

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत कायम असतात. ते पूर्णपणे घालवणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. त्यांना वाढण्यासाठी ओलावा लागतो. भिंत, गादी किंवा लाकूड भिजल्यावर २४ ते ४८ तासांत वाळले नाही, तर बुरशी धरण्याची शक्यता वाढते.

ओलावा साधारणपणे पुढील कारणांनी येतो:

- बाहेरच्या भिंतीला किंवा गच्चीला पडलेल्या भेगा
- वरच्या मजल्यावरील बाथरूमची गळती
- भिंतीतला फुटलेला पाइप
- घरात वाळत घातलेले कपडे
- खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन नसलेले स्वयंपाकघर व न्हाणीघर

आरोग्यावर काय परिणाम होतो?

सर्वांनाच त्रास होतो असे नाही. पण ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांमध्ये दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे.

- ॲलर्जी: शिंका, नाक वाहणे किंवा चोंदणे, डोळ्यांना खाज, घशात खवखव.
- दमा: खोकला, धाप, छातीत घरघर, विशेषतः रात्री. नियमित औषध घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल आणि खोकल्यातून तपकिरी, घट्ट बेडका पडत असेल, तर ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीची तपासणी करावी लागते.
- फुफ्फुसांचा दाह: काही व्यक्तींमध्ये सतत संपर्कामुळे कोरडा खोकला, ताप आणि वाढत जाणारी धाप दिसते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. उशीर झाल्यास फुफ्फुसांना कायमची इजा होऊ शकते.
- गंभीर संसर्ग: निरोगी व्यक्तीत हा क्वचितच होतो. केमोथेरपी चालू असलेले, अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांना धोका अधिक असतो.

एक साधी खूण लक्षात ठेवा. गावी किंवा नातेवाइकांकडे गेल्यावर त्रास कमी होतो आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतो का? तसे असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे 'ब्लॅक फंगस' का?

नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'ब्लॅक फंगस' म्हणून ओळखला गेलेला आजार म्युकरमायकोसिस होता. तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये दिसला. भिंतीवरचे काळे ठिपके बहुधा वेगळ्या जातीच्या बुरशीचे असतात. रंगावरून बुरशीची जात किंवा धोका ठरवता येत नाही. बुरशी कोणत्याही रंगाची असली तरी ती काढणे आणि ओल थांबवणे हाच उपाय आहे. म्हणूनच जात ओळखण्याच्या महागड्या चाचण्यांची सहसा गरज नसते.

घरच्या घरी कधी आणि कसे साफ करावे?

डाग साधारण १० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे अंदाजे तीन फूट लांब व तीन फूट रुंद जागेपेक्षा लहान असेल, तर तुम्ही स्वतः साफ करू शकता. हे काम दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने करू नये. मुलांना, गर्भवतींना आणि आजारी व्यक्तींना त्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर पाठवा.

१. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. खिडक्या उघडा, खोलीचे दार बंद ठेवा. पंखा लावू नका, त्याने बीजाणू घरभर पसरतात.
२. कोरडे खरवडू नका, झाडूने झाडू नका. डाग आधी ओला करा.
३. टाइल्स, काच, धातू किंवा रंगवलेली टणक भिंत साबणाच्या पाण्याने घासून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.
४. वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाका.
५. बुरशी आतपर्यंत गेलेली गादी, उशी किंवा पुठ्ठ्याचे खोके टाकून देणेच बरे.

महत्त्वाचे: ब्लीच कधीही टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात मिसळू नका. त्यातून विषारी वायू तयार होतो. नुसत्या ब्लीचच्या वासानेही दम्याचा झटका येऊ शकतो.

व्यावसायिकांना कधी बोलवावे?

- डाग १० चौरस फुटांपेक्षा मोठा असेल
- साफ केल्यावरही पुन्हा येत असेल
- गिलावा पोकळ वाजत असेल किंवा फॉल्स सीलिंग भिजले असेल
- सांडपाण्याची गळती किंवा पुराचे पाणी घरात आले असेल
- घरात गंभीर दमा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल

काम देण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न एकच: "ओल कुठून येते आहे?" याचे उत्तर न देता फक्त फवारणी किंवा बुरशीरोधक रंग सुचवणाऱ्याला काम देऊ नका. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, त्यामुळे ती मारणे पुरेसे नाही, काढावी लागते.

योग्य कामाचा क्रम असा असतो: गळती शोधून बंद करणे, खोली प्लास्टिकने झाकून वेगळी करणे, खराब पुट्टी व गिलावा ओला करून काढणे, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने धूळ टिपणे, भिंत पूर्ण वाळवणे, आणि मगच नवा गिलावा व रंग. हा क्रम, खर्च आणि हमी लेखी घ्या.

भर पावसात भिंत वाळत नाही. त्यामुळे शक्य असल्यास तात्पुरती गळती आता थांबवा आणि कायमचे वॉटरप्रूफिंग कोरड्या महिन्यांत करा. धोका असलेल्या रुग्णाची काम संपेपर्यंत दुसरीकडे राहण्याची सोय करा.

गृहनिर्माण सोसायटीत राहत असाल, तर गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइपची गळती दुरुस्त करणे ही सहसा सोसायटीची जबाबदारी असते. फोटोंसह लेखी अर्ज द्या. वरच्या सदनिकेतून गळती असल्यास त्या सदस्यालाही लेखी कळवा.

बुरशी पुन्हा येऊ नये म्हणून

- घरातील आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या खाली ठेवा.
- आंघोळ आणि स्वयंपाकानंतर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.
- कपाटे आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून थोडे दूर ठेवा.
- कपडे घरात वाळवावे लागत असतील, तर झोपण्याच्या खोलीत वाळवू नका.
- एसीचे फिल्टर नियमित धुवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खोकला किंवा सर्दी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, इन्हेलरची गरज वाढली किंवा रात्री धाप लागून जाग येऊ लागली, तर तपासणी करून घ्या. घर साफ झाले म्हणून इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. बुरशीविरोधी गोळ्याही मनाने घेऊ नका.

एक वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, किंवा इन्हेलर घेऊनही आराम न पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी वाट न पाहता रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्या किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.