कॅम्पातलं बाहेरचं खाणं

मराठी मध्यमवर्ग हॉटेलाची पायरी चढला तो बिचकतच. मामा काण्यांनी १९१० साली दादरला उपाहारगृह काढलं, तर नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द घातला; बाहेर खाणाऱ्यांच्या मनातली शंका आधीच फेडलेली बरी! पुढे इराण्यांकडे आणि उडुप्यांकडे बायकामुलांसाठी ‘फॅमिली रूम’ आल्या. लाकडी आडोसा, अर्धा पडदा आणि आत कुजबुजत खाल्लेला डोसा. हॉटेलात जाणं म्हणजे घरच्या जेवणाशी थोडी बेइमानीच, असं मानणाऱ्या आज्या तेव्हा घरोघरी होत्या.

अंबरनाथच्या शेजारी, रेल्वेच्या पलीकडे, ही गोष्ट वेगळ्याच टोकापासून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची संक्रमण छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्या रिकाम्या बराकींमध्ये उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव कागदावर बदललं, तोंडात मात्र कॅम्पच राहिला. एक ते पाच हे आकडे आजही पत्त्यात लागतात, आणि पाच नंबर अंबरनाथला सगळ्यांत जवळचा.

एकेका बराकीत अनेक कुटुंबं. मधे गोणपाटाचे पडदे, नळ सामाईक, शौचालयं सामाईक. अशा घरात वेगळं स्वयंपाकघर म्हणजे चैनच होती. सुरुवातीला सरकारी शिधा मिळे. तो आटल्यावर कमावण्यासाठी हाताशी काय होतं? सिंधमधली शेती, पेढ्या, हवेल्या मागे राहिल्या होत्या. बायकांच्या हातची चव तेवढी बरोबर आलेली. बायका पापड लाटू लागल्या, बराकीपुढच्या उन्हात वाळवू लागल्या, आणि तेच पापड घेऊन माणसं लोकलच्या डब्यांतून फिरू लागली. कॅम्पातलं घर आधी विकणारं झालं, विकत घेऊन खाणारं नंतर.

हातगाडीवर जे पदार्थ टिकले त्यामागे हिशेब होता. दाल-पकवानच घ्या. मैद्यात जिरं आणि जाडसर कुटलेली मिरी घालून पीठ घट्ट मळायचं, पुरी लाटून टोचायची म्हणजे फुगत नाही, आणि मंद आचेवर कडकडीत तळायची. असं पकवान डब्यात चार दिवस राहतं. मग पहाटे उठून चण्याची डाळ तेवढी शिजवायची. दाणा बोटांनी दाबला तर मोडावा, पण पातेल्यात अख्खा दिसावा. वर चिंचेची आंबटगोड चटणी, पुदिन्याची हिरवी, बारीक कांदा आणि लाल तिखटाची चिमूट. एक पातेलं, एक शेगडी, दोन चटण्या. भांडवल म्हणाल तर एवढंच. छोले किंवा डाळ पावावर ओतून देणाऱ्यांचंही तेच गणित. त्या पावाला इथे ‘डबल’ म्हणतात. तो शिळा झाला तर कोथिंबीर-टोमॅटोच्या वाटणात शिजवून सेयल डबल करायची, पाव टाकायचा नाही.

याच पोटापाण्याच्या धडपडीतून इतरत्र मोठी नावं झाली. कराचीत पाणीपुरी विकणाऱ्या मूलचंदानी बंधूंनी १९५२ साली कुलाब्यात ‘कैलाश पर्बत’ सुरू केलं, आणि चेंबूरच्या छावणीभोवती मिठायांची दुकानं वाढली. उल्हासनगरचं खाणं मात्र बरीच वर्षं नाक्यावर, उभ्याउभ्याच राहिलं.

अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी कुटुंबांना ते चाखायला मिळालं खरेदीच्या निमित्ताने. ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा काड्यापेटीच्या कारखान्यात नोकरी करणारा माणूस दिवाळीला, लग्नसराईला बायकोमुलांना घेऊन ‘कॅम्पात’ जाई, कारण कापड आणि कपडे तिथे स्वस्त. दुकानदाराशी घासाघीस करून थकलं की मुलं काहीतरी खायला मागत. तेवढ्यासाठी घरी परतणं परवडणारं नव्हतं. अशा दुपारी आधी समोसा आणि मग कधीतरी पकवान मराठी जिभेवर आलं. खास जेवायला म्हणून बाहेर पडायची रीत त्यानंतरची.

आता पाच नंबरमध्येही वातानुकूलित, ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी पाटी लावलेली ठिकाणं आहेत. मेन्यूकार्ड उघडलं की पनीरचे डझनभर प्रकार, हाका नूडल्स, मंचुरियन, शेवटी डोसा. ज्या गावात पालक, चुका आणि डाळ घोटून साई भाजी होते, कमळकाकडीची भाजी होते, बेसन भाजून शेवग्याच्या शेंगांची कढी होते, तिथल्या टेबलावर हे पदार्थ क्वचितच दिसावेत, याचं बाहेरच्याला नवल वाटतं. पण त्यात तर्क आहे. घरी रविवारी कढी-भात असतोच. त्यासाठी पैसे मोजून कोण बसेल? पुण्यात वरणभात मागवायला तरी हॉटेलात किती जण जातात?

सिंधी सणांची गोष्ट निराळी. थदडीला चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे गोड लोले आणि थंड अन्नच खायचं. जुलै-ऑगस्टमधल्या चालिहोत झुलेलाल या दैवताच्या नावाने चाळीस दिवस व्रत पाळणाऱ्यांना मांसाहार वर्ज्य. आणि होळीच्या दिवसांत मिठाईवाल्यांकडे ताटाएवढे घीयर येतात. जिलेबीचा हा आंबूस थोरला भाऊ घरी करण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

आणि रविवारची सकाळ अजून नाक्याचीच आहे. वातानुकूलित हॉटेलांची शटरं खाली असतात तेव्हा गाडीभोवती स्कूटर लावून अख्खी कुटुंबं उभी असतात. म्हाताऱ्यांसाठी पार्सल जातं. डाळ पिशवीत बांधून आणि पकवान कागदात वेगळं, कारण एकत्र बांधलं की घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. दुपार व्हायच्या आत पातेलं रिकामं होतं. उशिरा आलेल्याला समोशावर भागवावं लागतं.